सिन्योरांच्या ऐवजी मीच विमानात

बारी, ५ नोव्हेंबर

आदरणीय त्सियाला वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे लामाराचा, इटलीहून कमरेत वाकून नमस्कार. (कमरेत वाकणं आता नमस्कारापुरतंच उरलंय. जमिनीवर काही पडलं तर ते उचलायची खरंच गरज आहे का, याचा मी आधी विचार करते.) पत्रात तब्येत विचारायची रीत असते म्हणून नव्हे, मनापासून विचारते: गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेलं मलम तुम्ही गुडघ्याला लावता आहात की पुन्हा जपून कपाटात ठेवलंय? यंदा द्राक्षं कशी उतरली? आपल्या झेस्तापोनीत गारा पडल्या असं इथे माझ्यासारखीच कामाला असलेली गुलिको म्हणत होती, पण गुलिकोच्या बातमीत गारा नेहमीच अंड्याएवढ्या असतात. गिवीच्या थडग्याभोवतीचं गवत तुम्ही स्वतः वाकून काढता हे कळलं. नका काढू, वन्सं. शेजारच्या माणसाला सांगा. तुमच्या भावाला जिवंतपणी कधी गवताचा त्रास झाला नाही, आता काय होणार आहे.

हे सगळं फोनवर का सांगत नाही असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला तोडता आणि मग आपण टोमॅटोवर बोलत बसतो. म्हणून हे पत्र पार्सलच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. सोबत पाच लिटर ऑलिव्हचं तेल, कॉफीची सहा पाकिटं, गुडघ्याला बांधायचा लोकरी पट्टा आणि एक राखाडी शाल आहे. शाल चांगली आहे, चर्चला जाताना घ्या, कपाटात ठेवू नका. पत्र मात्र एकटीने वाचा आणि बसून वाचा.

झालं असं. मी नऊ वर्षं ज्यांच्याकडे कामाला आहे त्या बाईसाहेब, सिन्योरा फिलोमेना (वय पंच्याऐंशी, जीभ पंचविशीतली) यांना एक धाकटा भाऊ आहे, रोक्को नावाचा. सतरा वर्षांचा असताना तो बेल्जियमला लोखंडाच्या कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला. बारा वर्षांपूर्वी यांची आई वारली तेव्हा तो अंत्यविधीला एक दिवस उशिरा पोचला. सिन्योरांनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. दर वर्षी त्याचं कार्ड येतं, त्या ते खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी वाचतात आणि मला सांगतात की वाचलं नाही. या वसंतात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात त्याला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. त्याने सिन्योरांच्या मुलाला, कोझिमोला, फोन करून विचारलं की ताई येईल का. ताईंनी तीन आठवडे विचार केला आणि एका सकाळी कॉफी पिताना जाहीर केलं की माफ वगैरे काही केलेलं नाही, फक्त बघून यायचं आहे. सोबत अर्थात मी.

आता विमानाने जायचं म्हटल्यावर सगळं घर माझ्या कागदांच्या मागे लागलं. कोझिमो एका वकिलाच्या ऑफिसात कारकून आहे. जगात काही वाईट घडलं तर ते कुठेतरी सही राहिल्यामुळे घडलं, असं तो मानतो. त्याने विमान कंपनीचे नियम छापून आणले, पिवळ्या पेनाने रंगवले आणि मला समोर बसवून मोठ्याने वाचले. इथे राहणाऱ्या परक्या माणसाला एका देशातून दुसऱ्या देशात उडायचं असेल तर नुसतं इथल्या रहिवासाचं कार्ड चालत नाही, पासपोर्टही लागतो. नुसता पासपोर्टही चालत नाही, कार्ड लागतं. आणि हे दोन्ही घेऊन आधी काउंटरवर जायचं, तिथे ते तपासून बोर्डिंग पासवर शिक्का मारतात, मगच पुढे. इटालियन लोकांना यातलं काही नाही. ते आपले हलत-डुलत सरळ जातात.

माझ्या कार्डाची मुदत मार्चमध्येच संपली होती. नवीन कार्डासाठी अर्ज केल्याची पोस्टाची पावती होती, पण ती पावती फक्त इटलीत चालते, सीमेपलीकडे तो एक कागदाचा तुकडा. पोलीस मुख्यालयात मी पाच वेळा गेले. तिथल्या माणसाने माझ्या फॉर्मवर 'जन्मदेश: सोव्हिएत युनियन' वाचलं आणि हा देश यादीत सापडत नाही म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मला घरीही सापडत नाही. मी जन्मले तो देश केव्हाच संपला, त्यात माझा काही हात नव्हता, आणि माझी मुदत अजून आहे. (हे मी मनात म्हटलं. तोंडाने 'बरं' म्हटलं.)

गुरुवारी दुपारी आपल्याकडच्या सगळ्या बायका सुटीच्या दिवशी चौकातल्या बाकांवर जमतात, तिथे सल्ल्यांचा पूर आला. गुलिको गेल्या वर्षी नुसतं रहिवासाचं कार्ड घेऊन मुलीकडे व्हिएन्नाला निघाली होती. कार्डावर फोटो आहे, बोटांचे ठसे आहेत, तरी तिला दारातून परत पाठवलं, कारण कार्ड म्हणजे तुम्ही राहता कुठे ते, आणि पासपोर्ट म्हणजे तुम्ही मुळात कोण ते. तेव्हापासून गुलिको या विषयातली प्राध्यापक झाली आहे. तिने मला सांगितलं की नोकरीचा करारही ने, आरोग्य कार्डही ने आणि पाद्रीबाबांचं पत्र असलं तर उत्तमच. मी सगळं घेतलं. प्लास्टिकच्या निळ्या फाइलमध्ये चौदा कागद झाले. कार्ड निघायच्या चार दिवस आधी हातात पडलं. कोझिमोने ती फाइल तीनदा तपासली. शेवटच्या वेळी तर माझ्या लसीकरणाच्या दाखल्याच्या दोन्ही बाजू बघितल्या. आईला त्याने एवढंच विचारलं की स्वेटर घेतलास का.

विमानतळावर कोझिमोने गाडीतून आम्हाला उतरवलं. सिन्योरा चाकाच्या खुर्चीत, डोक्याला रुमाल, मांडीवर चीजचा गोळा आणि घरी केलेल्या पास्त्याची पिशवी. मी काउंटरवर फाइल ठेवली. तिथल्या मुलीने पासपोर्ट घेतला, कार्ड घेतलं, दोन्हीवरच्या मला बघितलं, मग समोरच्या मला बघितलं आणि शिक्का मारला. अर्धं मिनिट. बाकीचे बारा कागद तिने उघडलेसुद्धा नाहीत. मला हलकं वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, थोडा अपमानच वाटला. पाद्रीबाबांनी इतकं चांगलं पत्र लिहिलं होतं.

मग तिने सहज हात पुढे केला आणि म्हणाली, आता आजींचं.

सिन्योरांनी पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून घडी काढली, घडी उलगडली. जुनं कागदी ओळखपत्र. चार तुकडे चिकटपट्टीने जोडलेले. फोटोतल्या बाईचे केस काळेभोर होते आणि तिला बघून मलाही भीती वाटली. त्याची मुदत संपून अकरा वर्षं झाली होती. मुलीने ते दोन बोटांत धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि फार अदबीने सांगितलं की यावर आजींना नेता येणार नाही. सिन्योरा म्हणाल्या, मी इथली आहे. मुलगी म्हणाली, ते दिसतंच आहे, पण ते लिहिलेलं कुठे नाही. सिन्योरा म्हणाल्या, माझ्या पणजोबांनी या विमानतळाखालच्या जमिनीत बदाम लावले होते. मुलगी म्हणाली, बदामांबद्दल तिला आदर आहे. कोझिमो पार्किंगमधून धावत आला, कागद बघितला आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी निदान याची तरी आठवण करून द्यायला हवी होती. मी त्याच्या आईला आंघोळ घालते, कोझिमो, तिला नागरिकत्व देत नाही. (हेही मनात.)

मी फाइल बंद केली आणि पिशवी उचलली. म्हटलं, चला घरी. सिन्योरा हलल्या नाहीत. खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसल्या. मागे रांग वाढत होती. मग त्यांनी तो चीजचा गोळा उचलून माझ्या हातात दिला.

"तू जा," त्या म्हणाल्या. "त्याला सांग, आईने शेवटी तुझंच नाव घेतलं आणि तू नव्हतास. एवढंच सांग. वर आपल्या पदरचं काही घालू नको."

मी म्हटलं, माझी काय ओळख त्याची? मी तिथे जाऊन काय करू? त्या म्हणाल्या, तुझ्याकडे शिक्का आहे. कोझिमोने तोंड उघडलं, त्यांनी हाताने ते बंद केलं आणि सांगितलं की तीन दिवस आईला तू सांभाळ, तुला माझी औषधं तरी कळतील. अशा रीतीने, वन्सं, इटलीत सात पिढ्या काढलेली बाई इटलीतच राहिली आणि तिच्या भावाच्या वाढदिवसाला निघाली झेस्तापोनीची लामारा, चौदा कागद आणि एक चीज घेऊन. चीज तपासणीत थोडा वेळ अडकलं, मग सोडलं. ते मशीनला काहीतरी भलतंच दिसत होतं. मला मात्र कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

विमानात मी तो निरोप तोंडात घोळवत बसले. पहिला अर्धा म्हटला की मन भरून यायचं, दुसरा अर्धा म्हटला की दगड मारल्यासारखं वाटायचं. ऑपरेशन झालेल्या माणसाला मी हे दारातच सांगू की जेवल्यावर? बेल्जियमात चार्लेरोईला उतरले तर बाहेर एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा उभा होता. अंगात इस्त्री केलेला कोट, हातात पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर त्याच्या बहिणीचं नाव. कोझिमोने फोन केला होता, पण नवीन पुठ्ठा करायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं, मग टोपी काढली आणि माझी पिशवी घेतली. दोन माणसांचं घर, सहा वर्षांपूर्वी बायको गेलेली, मुलगी कॅनडात. त्याने बहिणीसाठी खालच्या मजल्यावर पलंग हलवला होता, न्हाणीत धरायला दांडा बसवला होता. ऑपरेशन झालेल्या माणसाने स्वतः, स्क्रू पिळून. दांडा वाकडा होता.

जेवायला बसलो. मी पास्ता उकळला, त्याने चीज कापलं. तो विचारेना, मी सांगेना. शेवटी त्यानेच काटा खाली ठेवून विचारलं की ताईने काही सांगितलंय का. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, आईने शेवटी तुमचंच नाव घेतलं. आणि मग, वन्सं, पुढचा अर्धा निरोप मी सांगितलाच नाही. मी पाणी प्यायले. तो अर्धा अजून पोटातच आहे, कुणालाही दिलेला नाही, तुम्हीच पहिल्या. आपल्या पदरचं मी काही घातलं नाही, तेवढं मात्र देवासमोर सांगेन.

त्याला हे ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुतलं. नंतर परत येऊन म्हणाला की पास्ता फार चांगला शिजलाय. जास्त शिजला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बारीला फोन लावला. मी मुद्दाम अंगणात गेले, पण खिडकी उघडी होती आणि सिन्योरांचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, झेस्तापोनीतही एक-दोनदा ऐकू आला असेल. तो म्हणाला की गाड्यांचा संप होता, मी बोलोन्याच्या स्टेशनावर एकोणीस तास बसून होतो, फुलं हातात सुकली. मग सिन्योरा म्हणाल्या, मग तेव्हाच बोलला का नाहीस गाढवा. तो म्हणाला, ताई, तू फोन उचलत नव्हतीस. आणि मग त्यांनी विचारलं की सकाळी काय खाल्लंस.

त्या संध्याकाळी त्याने माझी निळी फाइल बघितली. मी टेबलावर ठेवली होती, तो चष्मा लावून एकेक कागद काढत गेला. पाद्रीबाबांचं पत्र त्याने दोनदा वाचलं. (शेवटी कुणीतरी वाचलं.) मग कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्याचे अठ्ठावन्न वर्षांचे कागद. पहिलं कार्ड, त्यावर सतरा वर्षांचा पोरगा, कान बाहेर आलेले, टाय उसना. त्या पुढची कार्डं, दर वेळी केस कमी. सगळ्यांवर कुठे ना कुठे 'परकीय' छापलेलं. त्याने ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली, मी माझी मांडली, आणि आम्ही बघत बसलो. त्याने विचारलं, पहिल्या कार्डासाठी रांगेत किती तास उभी होतीस? मी म्हटलं, सात. म्हणाला, मी नऊ, पण तेव्हा बर्फ होता. मी म्हटलं, माझ्या वेळी बर्फ नव्हता, पण माणूस जेवायला गेला होता. नऊ वर्षांत या विषयावर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

वाढदिवस झाला, केक झाला, शेजारी आले, आणि रोक्कोने जाहीर केलं की मी लामाराबरोबर बारीला जातो, ताई येऊ शकत नाही तर मी येतो. त्याने तिकीट काढलं. परतीच्या दिवशी तो पुन्हा तोच कोट घालून तयार. काउंटरवर मी सराईतासारखे दोन कागद पुढे केले, शिक्का बसला, बाजूला झाले. त्याने आपलं बेल्जियमचं कार्ड ऐटीत पुढे केलं. नवं कोरं, मुदत भरपूर. तिथल्या तरुणाने ते बघितलं आणि विचारलं की आणि पासपोर्ट? किंवा इटलीचं ओळखपत्र? रोक्को म्हणाला, हे काय आहे मग? तो म्हणाला, साहेब, हे तुम्ही इथे राहता त्याचं कार्ड आहे, यावर प्रवास करता येत नाही. रोक्को इटलीचा नागरिक, पण इटलीचा पासपोर्ट त्याच्या मुलीच्या लग्नाच्या आसपास संपला होता. त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. तो पहिल्यांदा चिडला, मग फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला ज्यावर तरुण हसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, गुलिको कोण ती, तिची शिकवणी मला लावायला हवी होती. माझी पिशवी त्याने आत जायच्या दारापर्यंत आणली आणि टोपी काढून उभा राहिला. मी वळून बघितलं नाही. बघितलं, पण एकदाच.

म्हणजे हिशेब असा झाला, वन्सं, की युरोपातच जन्मलेली, वाढलेली, इथेच घाम गाळलेली दोन भावंडं आपापल्या विमानतळावर बसून राहिली आणि अस्तित्वात नसलेल्या देशात जन्मलेली मी तेवढी चिमणीसारखी इकडून तिकडे उडाले. सिन्योरांनी आता नवं ओळखपत्र केलंय. फोटोसाठी केस मी विंचरले. त्याची मुदत दहा वर्षांची आहे, तर त्यांनी त्या खिडकीवरच्या माणसाला विचारलं की यात सरकारने काही हमी दिली आहे का. रोक्कोला दूतावासाने फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. तोवर दोघं रोज फोनवर भांडतात, दुपारी चार ते पावणेपाच वाजेपर्यंत, आणि मला त्या वेळात इस्त्री करायला मिळते. मी तर ठरवलंय, या वयात आता पुन्हा विमान नको, कागद नको, काउंटर नको. फाइल कपाटात वर टाकून दिली आहे. शांतपणे राहायचं. गुडघ्याची काळजी घ्या, नातवंडांना माझे पापे द्या.

तुमची, पायांशी बसलेली,
लामारा

ता. क. वर मी लिहिलंय की मुक्काम तीन दिवसांचा होता. ठरला तीन दिवसांचाच होता. पण न्हाणीतला तो दांडा सरळ करायचा होता, मग त्याच्या औषधांचं वेळापत्रक लावायचं होतं, आणि मग पाऊस होता, म्हणून अकरा दिवस झाले. कोझिमो रोज फोन करून विचारायचा की आईची निळी गोळी जेवणाआधी की नंतर. त्याला आता येतं सगळं.

ता. क. दुसरी. रोक्को मलाही फोन करतो. बहिणीशी बोलणं झाल्यावर पाच मिनिटं, म्हणजे अर्धा तास. गेल्या रविवारी तो म्हणाला की इतकी व्यवस्थित फाइल असलेली बाई त्याने अठ्ठावन्न वर्षांत पाहिली नाही. मी म्हटलं, आभारी आहे. तो म्हणाला, नाही, माझा मुद्दा वेगळा आहे. आणि मग तो मुद्दा सांगितला. मी म्हटलं, विचार करून सांगते. सिन्योरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्याला नवरा करून घे, पण मला सोडून जायचं नाही, त्यालाच इकडे ओढ.

ता. क. तिसरी. चौदा कागदांत एक कमी पडतोय. चार्लेरोईच्या नगरपालिकेला गिवीच्या मृत्यूचा दाखला हवा आहे, परदेशात चालणाऱ्या जादा शिक्क्यासकट, सहा महिन्यांपेक्षा जुना नको. तो तुमच्या न्यायभवनातच, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या कचेरीतच मिळतो आणि घरच्याच माणसाला देतात. मी हे दुसऱ्या कुणालाही सांगू शकले असते, गुलिकोचा भाचा तिथे कामालाच आहे, त्याने कसाही काढून दिला असता. पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं असतं तर मला तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं. तुम्हाला राग आला तर या, रागवा, तेल परत पाठवा, शाल मात्र ठेवून घ्या. मी समजेन आणि त्याला नाही म्हणेन, तो विषय पुन्हा काढणार नाही. आणि गेलात तर अर्ज माझ्या नावाने भरा; फॉर्मवर एक रकाना असेल, 'अर्जदाराशी नातं'. तिथे खिडकीवरचा माणूस म्हणेल की आता 'नातं नाही' असं लिहा. त्याचं ऐकू नका. नणंद म्हणूनच लिहा, ते मी बदललेलं नाही.